पडलेल्या पंखाकडे काठी

सोमवार, ३ फेब्रुवारी

डिंक्या,

दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. सत्तावीस वर्षांनी पाकिटावर दादाचं अक्षर दिसलं की मनात नको ते येणारच, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकतो. मी धड आहे, तुझी वहिनी धड आहे, घर होतं तिथंच आहे. तिकडे तुला आता साहेब म्हणत असतील. पण बोटांना कायम डिंक लागलेल्या भावाला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तुझा पत्ता वहिनीच्या शिवणाच्या डब्यात मिळाला. मी बटण लावायला सुई शोधत होतो. तळाशी तुझी पाकिटं, वर्षाला एक, रबर लावून ठेवलेली. डबा हातात धरून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, तर ती भांड्यावरची नजर न काढता म्हणाली, "तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही, मला सांगावंसं वाटलं नाही. झाली फिटंफाट." मी ती वाचलेली नाहीत. पत्ता तेवढा उतरवून घेतला.

आता कामाचं. मला एक ग्लायडर घ्यायचंय. रेडिओवर चालणारं, बिनइंजिनाचं, तू उडवायचास तसं. हसून झालं असेल तर पुढे वाच.

सलून मी जावयाच्या हाती दिलंय. गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मीही दिला. पण हातांना कोणी सांगितलंच नाही रे. दिवसभर शिवशिवतात. बसमध्ये पुढच्या माणसाची मान दिसली की बोटं कात्रीसारखी उघडमीट करतात. परवा दवाखान्यात पुढे बसलेल्याचा एक कल्ला खाली उतरलेला होता, तर मी त्याला सांगितलंसुद्धा. तो जागा बदलून बसला. घरात या खोलीतून त्या खोलीत येरझारा. वहिनी म्हणते, एक तर स्वस्थ बसा नाही तर फरशी तरी पुसत फिरा.

अशीच भटकंती करताना एका दुकानाच्या काचेत ग्लायडरं टांगलेली दिसली. आत गळ्यात चष्मा अडकवलेल्या एक बाई. विचारलं, "नातवासाठी का?" म्हटलं, "नाही, मलाच." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून मला एकदा नीट पाहून घेतलं. मग तीन काढून टेबलावर ठेवली.

पहिलं लाल, टोकदार, लढाऊ विमानासारखं. पंखांना झडपा. बाई म्हणाल्या, कोलांट्या मारतं. दुसरं बाल्सा लाकडाचं, म्हणजे खोक्यात नुसत्या काड्या आणि कागद, आपण जोडायचं. तिसरं पांढऱ्या फोमचं, पोटानं जाड, आणि पंखांची टोकं वर मुडपलेली, जणू कोणी त्यावर बसून उठलंय. बाई तिसऱ्यावरच बोलत होत्या आणि मी दुसऱ्याचं खोकं हातातून खाली ठेवत नव्हतो.

कोणतं घेऊ, एवढंच सांग. दुसरं काही लिहायची गरज नाही. मीही लिहीत नाही. तुझं जे विमान गेलं, त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

तुझा,
दादा


गुरुवार, १३ फेब्रुवारी

डिंक्या,

कार्ड मिळालं. "तिसरं." एक शब्द, त्यापुढे टिंब. मी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं, तिकिटाच्या कडेनंही काही बारीक लिहिलंय का बघितलं. वहिनी म्हणाली, "सत्तावीस वर्षांचा अबोला एका शब्दात मोडला, अजून काय हवं? तुम्ही तर लग्नाला होकारसुद्धा मान हलवून दिला होता." मग ते कार्ड तिनं डब्यात टाकलं नाही, आरशाच्या चौकटीत खोचलं. बघायला मी तिथून चार वेळा गेलो. आठ वेळा.

पण तिसरंच का रे? मला शिकवायचं म्हणून तरी सांग. मी शाळा सातवीत सोडली, तरी जे शिकलो ते विचारून विचारूनच शिकलो. वस्तऱ्याला धार लावायला मला कोणी शिकवलं नव्हतं; तीन म्हाताऱ्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं आणि तिघांच्या उत्तरांत जे सारखं निघालं ते धरलं. बाई म्हणतात फोम. तू म्हणतोस तिसरं. म्हणजे फोमच. दोन झाले. पण माझं मन त्या काड्यांच्या खोक्यात अडकलंय. मला ते जोडायचंय. पंखाची एक एक फासळी कापायची, कागद ताणून बसवायचा, तू रात्र रात्र करायचास तसं. हातांना काम होईल.

शिवाय विचारायचं होतं: पंखाला झडपा असल्या तर बिघडलं कुठं? मोटर असलेलंही एक येतं म्हणे, बटण दाबलं की वर जातं, ते घेऊ का? आणि तोल कसा बघायचा?

आणखी एक, अगदी सहज. बाई म्हणाल्या की पूर्वीच्या रेडिओंमध्ये मधेच दुसऱ्या कुणाचा संदेश घुसायचा आणि विमान ऐकेनासं व्हायचं. खरं का? म्हणजे उडवणाऱ्याची काहीच चूक नसताना विमान आपलं आपण पडू शकतं का? सहजच विचारतो. यंत्र आहे, माहिती असलेली बरी.

गेल्या तीन रात्री झोप नीट लागलेली नाही. वयाचं असेल.

तुझा,
दादा


सोमवार, २४ फेब्रुवारी

डिंक्या,

या वेळी दहा ओळी! वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवल्या. मी पाठ केल्यात, तुझ्याच शब्दांत परत लिहितो, चुकलो तर सांग.

"लाकूड नको. पहिलं पडणारच. फोम चिकटतो. झडपा नकोत. वर मुडपलेले पंख आपले आपण सरळ होतात, तू गोंधळलास की हात सोड. मोटर नको, रबरी दोरीनं चढव. तोल पंखाच्या पुढच्या एक तृतीयांशावर. नाक जड चालेल, शेपूट जड चालणार नाही. फेकताना आभाळाकडे नाही, समोर. नाक तुझ्याकडे वळलं की जो पंख पडेल त्याच्याकडे काठी. रेडिओ क्वचित. बहुतेकदा हात."

ते काठीचं मला उलटं वाटतं. पडणाऱ्याला आणखी त्याच बाजूला ढकलायचं? तू घाईत लिहिलंस बहुतेक. आणि शेवटचं वाचून मी कार्ड जरा वेळ पालथं घातलं.

तिसरं घेतलं. दोन मीटरचा पंख, सोफ्यावर ठेवला तर बसायला जागा नाही. दोनच गोष्टी चालतात: शेपटीचं उभं सुकाणू, तेवढ्यानं वळतं, आणि शेपटीचा आडवा पट्टा, त्यानं नाक खालीवर होतं. दोन्ही हातातल्या ट्रान्समीटरच्या एकाच काठीवर, अंगठ्याएवढ्या. तोल मी दोन बोटांवर बघितला. चाळीस वर्षं लोकांच्या हनुवट्या दोन बोटांवर तोलल्यात, त्यामुळे पहिल्याच फटक्यात कळलं की शेपूट खाली जातेय. नाकात शिशाचा एक तुकडा, मग अर्धा, मग पाव. पंख बोटांवर असा ठरला की मी श्वास घेत नव्हतो. वहिनी म्हणाली, "लेकीला पहिल्यांदा हातात घेतलंत तेव्हाही इतके सावध नव्हता."

मग रबरी दोरी. लांब, चिवट रबर कुठं मिळणार? तुला कळलंच असेल. गेलो सायकलवाल्याकडे.

तुझ्या त्या प्रकरणानंतर तो सलूनची पायरी चढलेला नाही. त्याचे केस त्याची बायको कापते आणि ते लांबूनही ओळखू येतं. मी दुकानात शिरलो तेव्हा तो चाकाच्या तारा आवळत होता. वर न बघता म्हणाला, "सत्तावीस वर्षांनी आलास. पंक्चर का?"

"रबर हवंय. लांब. ग्लायडरला."

त्याचा पाना थांबला. "कोणाच्या ग्लायडरला?"

"माझ्या."

"तुझ्या?" असा हसला की खोकला लागला. पाणी पिऊन पुन्हा हसला. मग आतल्या खोलीत गेला, त्याच त्या खोलीत जिथं तुझं विमान टांगलेलं असायचं, आणि रबराचं भेंडोळं घेऊन आला. "तुला ते येणार नाही. दोरी कोण ताणणार, तू? गुडघे बघ तुझे. उद्या मी येतो."

निघताना त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. पुन्हा ओढलं. चार पावलं गेला, परत येऊन तिसऱ्यांदा ओढलं. मी म्हटलं, "एवढं काय आहे आत?" तो म्हणाला, "सवय." मग चालता चालता, माझ्याकडे न बघता, "तो अजून मला खोटारडा समजतो का रे?"

मी विषय बदलला. वाऱ्याबद्दल काहीतरी बोललो.

तुझा,
दादा


मंगळवार, ११ मार्च

डिंक्या,

उडालं!

टेकडीच्या सपाटीवर, गवत गुडघ्याएवढं, समोरून वारा. पहिले आठ दिवस आम्ही नुसतं हातानं फेकून बघितलं. मी समोर फेकायचो, ते पन्नास पावलं तरंगत जाऊन गवतात पोट टेकायचं. सायकलवाला आणायला जायचा आणि येताना बोलत यायचा, "तुझ्यापेक्षा ते शहाणं आहे, तू हात लावला नाहीस की नीट जातं." आज दोरी लावली. त्यानं ताणली, मी सोडलं, आणि अरे डिंक्या, पतंगासारखं सरळ चढलं. वर जाऊन दोरी आपली आपण गळून पडली आणि एकदम शांत. आवाज नाही. मी पुढे जाणाऱ्या विमानाच्या मागे उभा, डावीकडे काठी की डावीकडे, उजवीकडे काठी की उजवीकडे. लोण्यात सुरी.

मग त्याला वळवलं, परत आणायला. नाक माझ्याकडे झालं. माझ्या डाव्या हाताचा पंख जरा पडला. मी काठी उजवीकडे लावली, सावरायला. तो आणखी पडला. मी आणखी उजवीकडे. गोल फिरत थेट गवतात, नाकावर. सगळं मिळून चार सेकंद.

नाक मोडलं. तू म्हणालास तसा फोम चिकटेल.

कारण मला तिथंच कळलं, आणि ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही. आरशातला माणूस तोंड माझ्याकडे करून बसलेला दिसतो, तरी त्याचा डावा कान माझ्या डाव्या हातालाच असतो. चाळीस वर्षं रोज वीस-पंचवीस तोंडं मी अशीच पाहिली. समोर तोंड दिसलं की माझा हात आपोआप आरसा धरून चालतो. पण जो खराच समोर येतो त्याचं डावं माझ्या उजव्या हाताला. विमान खरंच समोरून येत होतं, आणि मी त्याला आरशात बघत होतो. तू उलटं लिहिलं नव्हतंस. उलटा माझा हात होता.

सायकलवाला आज लवकर घरी गेला. त्याला काही काम होतं. ट्रान्समीटरचे सेल कुठं पडले कोण जाणे, त्यामुळे चार दिवस बंद.

तुझा,
दादा


बुधवार, १२ मार्च

डिंक्या,

कालचं पत्र पेटीत पडलंय, ते काही मागं घेता येत नाही. त्यातलं विमानाचं सगळं खरं आहे. शेवटच्या तीन ओळी खोट्या.

सायकलवाल्याला काही काम नव्हतं, आणि सेल हरवलेले नाहीत. ते त्याच्या शर्टाच्या खिशात आहेत.

विमान गवतात शिरलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "पुन्हा तसंच!" तो दोरी गुंडाळत होता. म्हणाला, "पुन्हा म्हणजे? तू आज पहिल्यांदा उडवलंस." मी ततपप केलं. तो जवळ आला. माझ्याकडे बघत राहिला. टेकडीवर आरसा नसतो रे, डिंक्या. नजर ठेवायला दुसरी जागा नव्हती. मी सांगून टाकलं.

आता तुला सांगतो. हे त्याच्याआधी तुला सांगायला हवं होतं.

तुझं विमान मी नेलं.

तुझ्या ग्लायडरच्या स्पर्धेला आठ दिवस होते. सोमवार, सलूनची सुट्टी. तू सुटे भाग आणायला दुसऱ्या गावी गेलेला. सायकलवाला जेवायला घरी. त्याच्या आतल्या खोलीची तुझ्याकडची किल्ली सलूनमध्ये आरशामागच्या खिळ्याला असायची. तू कितीदा म्हणाला होतास, दादा, एकदा तरी बघायला ये. मी कधी आलो नाही. दिवसभर माझ्या शेजारच्या खुर्चीशी तू नुसता दिवस ढकलायचास, आणि संध्याकाळी टेकडीवरून परत यायचास तेव्हा तुझं तोंड असं असायचं की मला हेवा वाटायचा. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितोय. मला एकदाच, कोणी बघत नसताना, ते काय असतं ते पाहायचं होतं.

फार सुंदर उडालं. माझ्याकडून लांब जाताना रेशमासारखं गेलं. मी चाळीसपर्यंत मोजलं. मग वळलं, नाक माझ्याकडे झालं, आणि काल जे झालं तेच झालं, फक्त खाली गवत नव्हतं, खडक होता.

मी सलूनची पांढरी चादर नेली होती, धूळ लागू नये म्हणून. त्यातच तुकडे गोळा केले. गाठोडं घरी माळ्यावर टाकलं, पाण्याच्या जुन्या टाकीमागे. खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली. रेडिओच बिघडला असणार, असं मी स्वतःला सांगितलं. सत्तावीस वर्षं सांगत आलो. म्हणून तुला विचारलं होतं सहज.

पुढचं तुला पाठ असेल, तरी माझ्या बाजूनं लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सायकलवाल्याला सलूनमध्ये ओढून आणलंस. किल्ली तुम्हा दोघांकडेच होती, आणि तू तर गावात नव्हतास. त्यानंच उडवून मोडलं आणि लपवलं, दुसरं कोण, असं तू म्हणालास. तो म्हणाला, "आईशप्पथ, मी हात लावला नाही." तू म्हणालास, "खोटारड्या." माझ्या खुर्चीत एक गिऱ्हाईक, अर्धी दाढी झालेली, बिचारा श्वास धरून बसलेला. माझ्या हातात वस्तरा. तू म्हणालास, "दादा, तू तरी बोल."

आणि मी आरशात बघत बोललो, "गेलं ते बरं झालं. आता तरी खुर्चीकडे लक्ष दे."

त्याला चोर ठरू दिलं आणि तुला वर टोमणा. माझं पाप झाकायला मला तेवढंच सुचलं. तू म्हणालास, "एकदा तरी माझ्याकडे वळून बोल, दादा. आयुष्यभर आरशात बघून बोललास." मी वळलो नाही. वळलो असतो तर तोंडावर सगळं दिसलं असतं. महिन्याअखेर तू गेलास.

टेकडीवर हे सगळं ऐकून सायकलवाला ओरडला नाही, हात उगारला नाही. खाली बसला. बराच वेळ गवताची काडी सोलत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, त्या दिवशी जेवायला जाताना मीच कुलूप नीट लावलं नसेल. म्हणून तीनदा ओढतो. रोज."

मी म्हटलं, "मला माफ—"

"ते त्याला लिही आधी." त्यानं माझ्या हातातून ट्रान्समीटर घेतला, मागचं झाकण काढलं, चारही सेल काढून खिशात टाकले. "रजिस्टर करून पाठव. पावती दाखव, मग सेल ने."

उतरायला लागला. दहा पावलं जाऊन परत आला. मला वाटलं, आता मारतो. त्यानं गवतातून विमानाच्या नाकाचा तुकडा शोधून माझ्या हातात ठेवला. "आणि हे चिकटव. फोम आहे."

वहिनीला मी काल रात्री सांगितलं. तिनं दिवा मालवला आणि अंधारात म्हणाली, "माळ्यावर मला कधी चढू दिलं नाहीत, तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी आहे. मला वाटलं, तुम्ही कुणाची पत्रं लपवताय." मग थोड्या वेळानं, "तसं असतं तर बरं होतं."

तू उत्तर दिलं नाहीस तर मी समजेन. पण मला नाही, तर त्याला चार शब्द लिही. त्याचा पत्ता तोच आहे, दुकान हललेलं नाही.

दादा


सोमवार, ७ एप्रिल

डिंक्या,

सव्वीस दिवस. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरतो अकरा वाजता, मी दहापासून दारात. तो मला बघून लांबूनच हात हलवून "नाही" म्हणायला लागला होता. मग मी दाराऐवजी खिडकीत उभा राहायला लागलो, तर तो खिडकीकडे बघून हात हलवायचा. पावती दाखवल्यावर सायकलवाल्यानं सेल दिले, तरी मी टेकडीवर गेलो नाही. नाक चिकटवून विमान सोफ्यावर ठेवलं होतं आणि आम्ही दोघं खुर्च्यांवर बसायचो.

शुक्रवारी सायकलवाला सलूनमध्ये आला. सत्तावीस वर्षांनी पायरी चढला. जावई पुढे झाला तर त्याला म्हणाला, "तू नाही, म्हाताऱ्याला बोलाव." मी घरून धावत गेलो, गुडघ्यांसकट. तो माझ्या खुर्चीत बसला होता, खिशातून जाड पाकीट डोकावत होतं. तुझं अक्षर मी लांबून ओळखलं.

"चार पानं आहेत," तो म्हणाला. "माफी मागितलीय. तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते सांगणार नाही."

"नको सांगू."

"शिव्या आहेत बऱ्याच."

"असू दे."

"केस काप आता. बायकोच्या हाताला कंटाळलोय."

मी खुर्ची फिरवली, आरशाकडे पाठ करून. तो म्हणाला, "अरे, मला दिसणार कसं?" म्हटलं, "मला तू दिसतोस, तेवढं पुरे." समोर उभं राहून केस कापणं किती अवघड असतं, तुला कल्पना नाही. त्याचा डावा कल्ला कापायला मी दोनदा उजवीकडे गेलो. शेवटी त्यानंच माझं मनगट धरून नेलं. थोडं वाकडं झालंय. त्याची बायको म्हणाली म्हणे, याच्यापेक्षा माझं बरं होतं.

शनिवारी दुकान बंद करताना मी सोबत होतो. त्यानं कुलूप दोनदा ओढलं. एक कमी झालं.

रविवारी आम्ही टेकडीवर गेलो. नाक माझ्याकडे वळलं, माझ्या डाव्या हाताचा पंख पडायला लागला, आणि हात उजवीकडे धावला. मी त्याला थांबवलं. जिकडे पंख पडत होता तिकडेच काठी दिली. पंख उचलला गेला. विमान सरळ माझ्याकडे येत राहिलं, येत राहिलं, आणि माझ्या पायाशी येऊन गवतात बसलं. सायकलवाला म्हणाला, "आता हे रोज सांगत बसू नकोस." मी त्याच संध्याकाळी तीन जणांना सांगितलं.

आणि आज तुझं कार्ड. पोस्टमननं या वेळी हात हलवला नाही, वरच धरला. दोनच शब्द.

"किती तुकडे?"

मी ते वाचलं आणि वर माळ्याकडे बघितलं. वहिनीनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, वाचलं, आणि शिडी आणून लावली. गाठोडं तिनं उतरवलं. चादर पिवळी पडलीय, कडेला सलूनचा शिक्का अजून वाचता येतो. आम्ही दोघांनी बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडलं, जसं होतं तसं, मधे पोट, बाजूंना पंख, मागं शेपूट. सायकलवाल्याला बोलावलं, तो गुडघे टेकून बसला आणि कोणती फासळी कुठली ते सांगत गेला. त्याला सगळं आठवतं. तू कोणती दोनदा कापली होतीस तेही.

तर ऐक. उजव्या पंखाचे अकरा. डाव्याचे सहा, पण त्यातला एक मोठा अखंड आहे, कागदासकट, त्यावर तुझ्या अंगठ्याचा डिंकाचा ठसा आहे. पोटाचे चार. नाक शाबूत, आत शिसं तसंच. रेडिओचा डबा फुटलेला, तो टाकायचाच. शेपटीचं सुकाणू एक तुकडा, आडव्या पट्ट्याचा उजवा अर्धा दुसरा. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय. एकूण तेवीस, नाक धरून चोवीस.

शेपटीच्या आडव्या पट्ट्याचा एक अर्धा भाग नाही. गाठोड्यात नाही, माळ्यावर नाही. तो टेकडीवरच राहिला असणार. सायकलवाला म्हणतो, सत्तावीस वर्षांनी काय सापडणार, वेडा आहेस. तरी उद्या सकाळी आम्ही दोघं त्या खडकापाशी जाऊन बघणार आहोत. आणि नाही सापडला तर बाईंकडचं ते दुसरं खोकं आहे, त्यातलं बाल्सा चालेल. कापायचा मात्र तू. माझा हात अजून भरवशाचा नाही.

जमिनीवरचं मी काही उचललेलं नाही. वहिनी भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाते. तू येईपर्यंत जाईल म्हणते.

जो भाग नाही तो डावा. डावा म्हणजे विमानाच्या मागे उभं राहून डावा. तू दारातून आलास की विमानाचं नाक तुझ्याकडे असेल, तेव्हा तो तुझ्या उजव्या हाताला शोध.

दादा